राजीनाम्यानंतरचा महिना : नोटीस-वेतनाचा हक्क आणि आपली संघटना

(भिलाई येथील मराठी भाषक कामगार-कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाची संहिता)



आजच्या वर्गासाठी मला दिलेला विषय वरवर पाहता लहान आहे. बोनस, महागाई भत्ता, टाळेबंदी, खासगीकरण या प्रश्नांच्या शेजारी तो ठेवला तर कोणी विचारील, की नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाच्या एका महिन्याच्या पगारासाठी संघटनेने वेळ का खर्च करावा? माझीही काही दिवसांपूर्वीपर्यंत हीच समजूत होती. मी वकील नाही. पक्षाच्या कचेरीत भाषांतराचे काम करणारी एक कार्यकर्ती आहे. पण गेल्या खेपेला मी येथे आले तेव्हा एका तरुण वेल्डरने माझ्यापुढे तीन कागद ठेवले आणि त्या कागदांनी माझी समजूत बदलली.

पहिला कागद त्याचा राजीनामा होता. इथल्या एका लहान कारखान्यात त्याने चार वर्षे काम केले होते. दुसरीकडे काम मिळताच त्याने रीतसर एक महिन्याची नोटीस दिली. दुसरा कागद त्याचे नियुक्तीपत्र होते. त्यात उभय पक्षांनी एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी, अन्यथा तेवढे वेतन द्यावे, असे स्पष्ट लिहिले होते. तिसरा कागद हिशेबाचा होता. नोटीस दिल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला दरवाजावर अडवण्यात आले आणि आत येण्याची गरज नाही, असे सांगण्यात आले. पुढे हिशेब झाला तेव्हा त्या महिन्याचा पगार तर नाहीच, उलट 'नोटीस पूर्ण केली नाही' या शेऱ्याखाली एक महिन्याचा पगार वजा केलेला! ज्याने दरवाजा बंद केला त्यानेच गैरहजेरीचा दंड लावला.

कॉम्रेड्स, हा प्रश्न एका वेल्डरचा नाही. त्याला उत्तर देण्यासाठी मागे जावे लागते.

शब्दांचा अर्थ

भाषांतरकाराची सवय म्हणून आधी शब्दांकडे पाहू. 'राजीनामा' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. राजी असल्याचा नामा, म्हणजे संमतीचा लेख. मालकाने धाकदपटशाने लिहून घेतलेला किंवा भरतीच्या दिवशीच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवलेला राजीनामा हा शब्दार्थानेच राजीनामा नव्हे. ती बडतर्फी आहे, फक्त अक्षर कामगाराचे आहे.

दुसरा शब्द 'नोटीस'. इंग्रजी कायद्यात जे 'नोटीसऐवजीचे वेतन' आहे त्याचे आपल्या बोलण्यात 'नोटीस पे' झाले आणि ते मालक देतो ती बक्षिसी आहे, असा भास निर्माण झाला. वस्तुतः नोटीस म्हणजे मुदत. त्या मुदतीत करार जिवंत असतो, कामगार कामगारच असतो आणि मालक मालकच असतो. राजीनाम्याचा कागद टेबलावर पडताक्षणी नाते तुटत नाही. ते मुदत संपल्यावर तुटते. पुढचे सारे विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

काम सोडणे हा गुन्हा होता

भांडवलशाहीतील कामगार दुहेरी अर्थाने 'मुक्त' असतो, हे मार्क्सने दाखवून दिले. आपली श्रमशक्ती विकण्यास तो मुक्त असतो आणि उत्पादनाच्या साधनांपासूनही तो 'मुक्त' केलेला असतो. परंतु आपल्या देशात ही पहिली मुक्तताही सहजासहजी मिळालेली नाही. १८५९ च्या तेराव्या कायद्याने, म्हणजे कामगारांच्या करारभंगाच्या कायद्याने, आगाऊ रक्कम घेतलेला मजूर काम सोडून गेला तर मॅजिस्ट्रेटने त्याला पैसे परत करण्याचा किंवा कामावर जाण्याचा हुकूम द्यावा आणि हुकूम न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी ठोठवावी, अशी तरतूद केली होती. मालकाने करार मोडला तर दिवाणी दावा, मजुराने मोडला तर तुरुंग! इंग्लंडमध्ये करारभंगाबद्दल कामगाराला कैदेत टाकणारा कायदा १८७५ मध्ये गेला. आपल्याकडे तो रद्द करण्याचा कायदा १९२५ मध्ये झाला आणि त्याबरोबर भारतीय दंडसंहितेतील ४९० व ४९२ ही कलमेही गेली.

मुंबईच्या कापड गिरण्यांत तुरुंगाची गरजच नव्हती. तेथे पगार महिना संपल्यावर लगेच मिळत नसे, दहा-पंधरा दिवस मागे ठेवला जाई. जो गिरणी कामगार नोटीस न देता गेला त्याची ही अडकवलेली मजुरी बुडे. कोकणातून नि घाटावरून आलेल्या माणसाला गिरणीशी बांधून ठेवण्याची ही साखळी होती. १९२८ च्या ऐतिहासिक सार्वत्रिक संपात मजुरीकपातीबरोबर गिरणीमालकांच्या स्थायी आदेशांचाही प्रश्न उभा राहिला आणि संपानंतर फॉसेट समितीला त्या आदेशांची कलमे तपासावी लागली. नोटीस किती, ती कोणी द्यायची, न दिल्यास काय कापायचे, हे मालकाच्या मर्जीने न ठरता लेखी नियमाने ठरावे, ही मागणी अशी लढ्यातून पुढे आली.

व्हिटली आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये आला. त्यानंतर १९३६ चा वेतन प्रदान कायदा झाला. पगारातून काय कापता येते याची यादीच त्याने घालून दिली आणि यादीबाहेरची कपात बेकायदा ठरवली. १९४६ मध्ये स्थायी आदेशांचा केंद्रीय कायदा झाला. मध्य प्रदेशाने १९६१ मध्ये या विषयावर आपला वेगळा कायदा केला आणि छत्तीसगड वेगळे झाल्यावर तो येथेही चालू राहिला.

नियम काय सांगत आला

केंद्रीय नमुना स्थायी आदेशांचे तेरावे कलम लक्षात ठेवण्यासारखे आहे. मासिक वेतनावरील कायम कामगाराच्या बाबतीत एक महिन्याची आणि इतर कायम कामगारांच्या बाबतीत दोन आठवड्यांची लेखी नोटीस, मग ती मालकाने द्यावयाची असो वा कामगाराने. नोटीसऐवजी तेवढ्या मुदतीचे वेतनही देता येई. आणि नोकरी संपल्यावर कमावलेले वेतन व इतर देणी दुसरा कामाचा दिवस संपण्याच्या आत चुकती करावयाची. याच कलमाने तात्पुरते, उमेदवार आणि बदली कामगार यांना मात्र नोटीसच्या हक्कातून वगळले होते. ही भेग तेव्हापासूनची आहे.

आता प्रत्यक्षात चार प्रसंग संभवतात. ते वेगवेगळे ओळखले पाहिजेत, कारण त्यांची सरमिसळ करूनच फसवणूक होते.

पहिला प्रसंग : कामगाराने नोटीस दिली आणि मुदतभर काम केले. येथे वाद नाही. शेवटच्या दिवसापर्यंतचा पूर्ण पगार त्याला मिळाला पाहिजे. 'राजीनामा दिला आहे, आता पगार हिशेबात एकदम मिळेल' असे सांगून चालू महिन्याचा पगार रोखणे गैर आहे.

दुसरा प्रसंग : कामगार मुदत पुरी न करता स्वतःहून गेला. येथे कराराप्रमाणे तो मालकाला उरलेल्या मुदतीचे वेतन देणे लागू शकतो. हे आपण लपवू नये. परंतु त्याने कमावलेली मजुरी सरसकट जप्त करण्याचा अधिकार त्यातून उत्पन्न होत नाही. वजावटींच्या यादीत १९३६ च्या कायद्याने नोटीसचा उल्लेख एकाच जागी केला होता. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, नोटीसशिवाय आणि वाजवी कारणाशिवाय गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतचे वेतन कापता येई. हे कलम राजीनाम्यासाठी नव्हतेच, ते संपकऱ्यांसाठी होते! आजच्या वेतन संहितेतही ते तसेच ठेवले आहे. ग्रॅच्युइटी केव्हा रोखता येते याची कारणेही कायद्यात मोजून दिलेली आहेत आणि त्यांत 'नोटीस कमी भरली' हे कारण नाही.

तिसरा प्रसंग आपल्या वेल्डरचा : कामगार मुदतभर काम करण्यास तयार आहे, पण मालक त्याला आधीच घरी पाठवतो. कामगाराने स्वतः लवकर मोकळे करण्याची विनंती केली आणि मालकाने ती मानली, तर उरलेल्या दिवसांचे वेतन मागता येत नाही. पण विनंती नसताना मालकाने दरवाजा बंद केला, तर मुदत कामगाराने तोडलेली नाही, मालकाने तोडली आहे. करारात नोटीस उभयपक्षी असेल तर तिच्याऐवजीचे वेतन मालकाने दिले पाहिजे. १९८९ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे असाच प्रश्न होता. एका अधिकाऱ्याने पुढची तारीख घालून राजीनामा दिला होता. बँकेने नोटीसची अट आपणच माफ केली आणि राजीनामा ताबडतोब स्वीकारला. न्यायालयाने हे मान्य केले नाही. नोटीसची मुदत केवळ मालकाच्या सोयीची नसते, तिच्यात कर्मचाऱ्याचाही हितसंबंध असतो, म्हणून त्याच्या विनंतीवाचून ती तोडता येत नाही, असा त्या निर्णयाचा गाभा आहे. तो निर्णय बँकेच्या नियमांच्या संदर्भातला आहे, हे खरे. जेथे नियुक्तीपत्रात 'मालक केव्हाही मुदत कमी करील आणि त्याचे वेतन देणार नाही' असे लिहून घेतलेले असते, तेथे वाद अधिक अवघड होतो. म्हणूनच सही करण्यापूर्वी कागद वाचणे, आणि कामगाराला तो त्याच्या भाषेत समजावून सांगणे, हे संघटनेचे काम आहे.

चौथा प्रसंग : राजीनामा दडपणाखाली घेतलेला. खऱ्या राजीनाम्याला कामगार-कपातीची भरपाई लागू होत नाही, हे स्थिर झालेले मत आहे. मालक राजीनामा लिहून घेण्यासाठी इतका उतावीळ का असतो, याचे उत्तर येथे मिळते. औद्योगिक विवाद कायद्याच्या पंचवीस-एफ कलमाप्रमाणे एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची नोटीस वा तिचे वेतन आणि प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई द्यावी लागे. एका सहीने हे सारे वाचते! म्हणून दडपणाच्या राजीनाम्याला त्याच दिवशी, त्याच आठवड्यात लेखी हरकत घेतली पाहिजे. स्वीकाराची तारीख उलटून जाण्याची वाट पाहिली, तर न्यायालयात संमतीचा कागद आपल्या विरुद्ध बोलतो.

राजहऱ्याने शिकवलेले

'काम केले नाही तर पगार कसला?' हा मालकाचा प्रश्न भिलाईत तरी अनुत्तरित राहू नये. या कारखान्याला खनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा खाणीतील ठेका मजुरांनी १९७७ मध्येच त्याचे उत्तर दिले आहे. कायम कामगाराला ३०८ रुपये आणि ठेका मजुराला ७० रुपये असा बोनसचा करार झाला, त्याविरुद्ध ते उठले. त्यानंतर त्यांनी दोन मागण्या लावून धरल्या : झोपडी-दुरुस्तीसाठी शंभर रुपये, आणि कामावर हजर असूनही ठेकेदाराने काम दिले नाही त्या दिवसांची मजुरी. २ आणि ३ जून १९७७ रोजी तेथे गोळीबार झाला आणि अकरा माणसे मारली गेली. त्या मजुरांच्या मागणीत एक संपूर्ण तत्त्व होते. कामगार आपली श्रमशक्ती घेऊन वेळेवर दारात उभा आहे. ती वापरायची नसेल तर तो मालकाचा निर्णय आहे आणि त्या निर्णयाचा खर्च मालकाने सोसला पाहिजे. नोटीसच्या मुदतीत दरवाजावरून परत पाठवलेला वेल्डर आणि काम न मिळता खाणीच्या तोंडाशी बसून राहिलेला मजूर, दोघांचा हक्क एकाच तत्त्वावर उभा आहे.

त्या चळवळीच्या सर्व भूमिकांशी आपण तेव्हा सहमत नव्हतो, हे सर्वांना माहीत आहे. परंतु शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी याच शहरात हत्या झाली आणि १ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवर हाऊस स्थानकावर कामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या लढ्यातही कामावरून काढलेल्या कामगारांचा प्रश्न मध्यवर्ती होता. मतभेद बाजूला ठेवूनही शिकण्यासारखे त्यात बरेच आहे.

आज काय बदलले

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि एकोणतीस जुने कायदे त्यांत विलीन झाले. या संहितांवरील आपल्या टीकेची पुनरुक्ती मी करीत नाही. पण टीका करताना हातातले हत्यार फेकून देऊ नये.

वेतन संहितेच्या सतराव्या कलमात एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. १९३६ च्या कायद्यात दोन दिवसांत पगार देण्याचे बंधन मालकाने नोकरी संपवली असेल तरच होते. आता राजीनामा देणाऱ्यालाही त्याचे देय वेतन दोन कामाच्या दिवसांत दिले पाहिजे, असे शब्दशः म्हटले आहे. पूर्वी वेतन प्रदान कायदा ठरावीक पगारमर्यादेपर्यंतच लागू असे. वेतन संहितेत देखरेखीचे व व्यवस्थापनाचे काम करणारे कर्मचारीही येतात. थकलेल्या वेतनाचा दावा करण्याची मुदत तीन वर्षे आहे आणि अधिकाऱ्याला मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देवविता येते. ठेकेदाराने वेतन बुडवले तर मूळ मालकाची जबाबदारी १९७० च्या ठेका कामगार कायद्याने सांगितली होती. ती नव्या संहितांतही कायम आहे. पाच वर्षांची नोकरी झालेल्याला राजीनाम्यानंतरही ग्रॅच्युइटी मिळते, आणि ती तीस दिवसांत मिळाली पाहिजे.

आता दुसरी बाजू. स्थायी आदेश जेथे लागू होतात त्या आस्थापनांची मर्यादा केंद्रीय कायद्यात शंभर कामगारांची होती, ती औद्योगिक संबंध संहितेने तीनशे केली आहे. भिलाईच्या औद्योगिक वसाहतीतील लहान-मध्यम कारखाने डोळ्यांपुढे आणा आणि किती दरवाजांच्या आत हे लेखी नियम शिल्लक राहतील याचा विचार करा. तेथे आता नियुक्तीपत्र हाच नियम होईल, आणि नियुक्तीपत्र मालक लिहितो. निश्चित मुदतीच्या नेमणुकीला २०१८ मध्येच सर्व उद्योगांत वाट करून देण्यात आली. मुदत संपली आणि करार वाढवला नाही, तर ना नोटीस, ना तिच्याऐवजीचे वेतन. एक वर्षानंतर प्रमाणशीर ग्रॅच्युइटी देऊ केली आहे, ती घेतली पाहिजे. पण नोटीसच नाहीशी झाली, हे विसरता कामा नये.

सुशिक्षित नोकरदारांची स्थिती फार वेगळी नाही. नागपूर-पुण्याच्या कचेऱ्यांत आपलीच मुले तीन-तीन महिन्यांच्या नोटीसवर सह्या करतात आणि सुटताना पगाराच्या वसुलीचा कागद हातात घेतात. ही वसुली इतकी रूढ झाली, की तिच्यावर वस्तू व सेवा कर लागतो की काय असा वाद उभा राहिला आणि तो लागत नाही, असे परिपत्रक अर्थखात्याला ऑगस्ट २०२२ मध्ये काढावे लागले! मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्याकडून दोन लाख रुपये घेण्याची अट वैध ठरवली. सार्वजनिक बँकेला भरतीसाठी करावा लागणारा खर्च हे त्यामागचे एक कारण होते. या निर्णयाचा आधार घेऊन प्रत्येक खासगी मालक उद्या हवी ती रक्कम लिहून घेईल, हा धोका आहे. वाजवीपेक्षा अधिक नुकसानभरपाई मागता येत नाही, हे करार कायद्याचे चौऱ्याहत्तरावे कलम अशा वेळी पुढे केले पाहिजे.

कागदावरची समानता

'एक महिना तुम्हाला, एक महिना आम्हाला, यात अन्याय कोठे आहे?' असा युक्तिवाद केला जातो. कारखानदाराला त्या महिन्यात दुसरा वेल्डर शोधायचा असतो. कामगाराला त्या महिन्यात घरभाडे, मुलांची फी आणि किराणा भागवायचा असतो. एकाची गैरसोय होते, दुसऱ्याची चूल विझते. असमान बळाच्या दोघांवर लादलेली समान अट समान नसते. हे आपणच म्हणतो असे नाही. १९८६ मध्ये सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या खटल्यात, तीन महिन्यांची नोटीस किंवा तिचे वेतन देऊन कायम कर्मचाऱ्याला कारण न सांगता काढता येईल, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. सौदा करण्याची ताकद असमान असताना दुर्बलाकडून लिहून घेतलेली अन्याय्य अट टिकत नाही, हे त्याने मान्य केले. म्हणजे नोटीसचे पैसे फेकून माणूस विकत घेता येत नाही, आणि फेकूनही देता येत नाही.

आपली चूक

कॉम्रेड्स, आता थोडे आपल्याविषयी. तो वेल्डर माझ्याकडे येण्यापूर्वी युनियनच्या कचेरीत गेला होता. त्याला तेथे उत्तर मिळाले, 'तू तर सोडून चाललास, आता तुझे काय करायचे?' हे उत्तर एका कार्यकर्त्याचे नाही, ती आपली सवय आहे. जो राहतो तो सभासद आणि जो जातो तो गेला, असा आपला हिशेब असतो. परंतु तो जातो कोठे? रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या कारखान्यात, रायपूरला, नागपूरला. तो वर्गातून बाहेर जात नाही. त्याचा बुडालेला महिना पाहून मागे राहिलेले शिकतात, की सोडताना कोणी विचारीत नाही, म्हणून निमूटपणे पडून राहावे. दरवाजा बाहेरून बंद असला की आतल्या मजुरीचा भावही खाली येतो. आगाऊ रकमेपायी काम सोडण्याचे स्वातंत्र्य गमावणे याला १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने वेठबिगारी म्हटले आणि 'कमिया' पद्धतीचे नाव त्यात घातले. अडकवलेल्या पगाराच्या भीतीने जागेवर खिळलेला माणूस त्या कमियापासून किती दूर आहे, याचा विचार आपण केला पाहिजे.

म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक शाखेने सुरू कराव्यात, अशी सूचना आहे. राजीनामा तोंडी कधीच देऊ नये. तो लेखी असावा, त्यात नोटीस सुरू होण्याची आणि कामाच्या शेवटच्या दिवसाची तारीख असावी आणि प्रतीवर पोच घ्यावी. पोच नाकारली तर तोच कागद स्पीड पोस्टाने पाठवावा. दरवाजावर अडवले तर त्याच दिवशी 'मी कामास तयार आहे, मला प्रवेश नाकारला' असे लिहून पाठवावे, कारण पुढे सारा वाद या एका वाक्यावर ठरतो. नियुक्तीपत्र, पगारपत्रके, हजेरीची नोंद यांच्या प्रती आधीच घरी ठेवाव्यात. 'सर्व रक्कम मिळाली, तक्रार नाही' या छापील कागदावर पैसे हाती येण्यापूर्वी सही करू नये. आणि युनियनच्या कचेरीत सोडून जाणाऱ्यांसाठी एक वही ठेवावी, तिच्यात प्रत्येकाचा हिशेब मिळाला की नाही याची नोंद व्हावी.

त्या वेल्डरचा अर्ज आम्ही मिळून लिहिला आहे. त्याचा निकाल काय लागेल हे मी आज सांगू शकत नाही. पण अर्ज देण्यासाठी तो एकटा गेला नाही. त्याच्या जुन्या कारखान्यातील चौघे, ज्यांनी अजून नोकरी सोडलेली नाही, रजा टाकून त्याच्याबरोबर गेले होते. आजच्या वर्गातून आपण एवढे घेऊन गेलो तरी पुरे आहे : जाणाऱ्याबरोबर दरवाजापर्यंत जाणे हेही संघटनेचे काम आहे.